धुतलेली पऱ्हाटी

थूल मॅडम गेल्यावर शोकसभेसाठी त्यांचा फोटो शोधायची वेळ आली तेव्हा ऑफिसात पंचाईत झाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत फोटो ढिगाने निघाले होते, पण एकाही फोटोत त्या समोर बघत नव्हत्या. कॅमेरा दिसला की त्या हमखास हातातल्या वस्तूकडे बघायच्या, आणि हातात बहुतेक वेळा कापसाची वाळलेली काडी असायची. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात त्या समोर बघतात खऱ्या, पण चेहऱ्यावर ‘आटपा लवकर’ असा भाव आहे. मला तो फोटो आवडतो.

आमचं केंद्र वर्ध्याला. पीक निघाल्यावर शेतात जे उरतं त्याच्या पोटात काय काय आहे ते तपासायचं आणि त्यापासून कागद, पुठ्ठा, फळी असं काही होईल का ते सांगायचं, हे आमचं काम. तुरीच्या तुराट्या यायच्या, सोयाबीनचं कुटार यायचं, पण मॅडमचा जीव पऱ्हाटीवर. कापूस वेचून झाला की जी काटकुळी झाडं वावरात उभी राहतात ती पऱ्हाटी. आमच्या भागात थोडी चुलीत जाते, बाकीची धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवून देतात. मॅडम ती दळायच्या, उकळायच्या, ॲसिडात बुडवायच्या आणि शेवटी भट्टीत घालून तिची राख करायच्या. मी बाजूच्या खोलीत त्याच पऱ्हाटीच्या भुशाच्या फळ्या दाबून करायचो आणि मशीनवर वाकवून मोडायचो. आपण दोघं नासधूस करायचा पगार घेतो, असं मी त्यांना म्हणायचो.

“तुमची नासधूस आवाज करते, काळे,” त्या म्हणायच्या. “माझी नुसती वजनात कमी होते.”

पाहुण्यांना समजावून सांगण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. “झाड म्हणजे सूत आणि खळ,” त्या सांगायच्या. सेल्युलोज हे सूत. त्याला धरून ठेवणारं लिग्निन ही खळ. कागदवाल्याला सूत पाहिजे आणि खळ नको. फळीवाल्याला दोन्ही चालतात. राख मात्र कुणालाच नको, कारण राख म्हणजे काडीसोबत आलेली माती आणि वाळू, आणि वाळू मशीनची पाती खाते. एवढं सांगून झालं की त्या पाहुण्याच्या हातात एक काडी द्यायच्या आणि मोडायला लावायच्या. तो कट्कन मोडायचा. मग त्या दुसरी काडी स्वतःच्या कानाजवळ नेऊन हळूच वाकवायच्या आणि ही किती वाळली आहे ते सांगायच्या. ओल मोजायचं यंत्र शेजारीच असायचं, आणि सांगून झालं की त्या यंत्रातही बघायच्या. आपलं चुकलं तर यंत्रासमोर हसायच्या.

प्रयोगशाळेत ‘कचरा’ हा शब्द चालत नसे. मोठमोठे अधिकारी ‘ॲग्रो वेस्ट’ म्हणायचे तेव्हा त्या मध्येच थांबवून विचारायच्या, “वेस्ट कुणाचं? कापूस ज्या झाडानं दिला त्याचंच ना हे?” अधिकारी हसून वेळ मारून न्यायचे. मॅडम हसत नसत.

एकदा नागपूरहून एक कारखानदार आले. पुठ्ठ्याचा धंदा, बोटात अंगठ्या, बोलण्यात घाई. त्यांना रिपोर्टात सेल्युलोजचा आकडा जरा वाढवून हवा होता, बँकेला दाखवायला. बराच वेळ गोल गोल बोलून झाल्यावर ते म्हणाले, “मॅडम, थोडा इधर-उधर तो चलता है.”

मॅडमनी त्यांना चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, “सेठजी, ही पऱ्हाटी आहे. दूध असतं तर पाणी घालून वाढवून दिलं असतं.”

सेठजींना विनोद कळला की अपमान, हे मला आजही माहीत नाही. चहा मात्र पुरा पिऊन गेले.

दुसरा त्यांचा स्वभाव म्हणजे नीटनेटक्या उत्तराचा संशय. एकाच नमुन्याची तपासणी तीनदा व्हायची आणि तिन्ही आकड्यांत थोडा फरक पडायचाच. एका विद्यार्थिनीचे तिन्ही आकडे अगदी जुळे-तिळे आले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. तिला शेजारी बसवून भाकरीचा डबा उघडला आणि म्हणाल्या, “बाळा, जेव. मग सांग, यातला खरा कोणता?” मुलगी रडली, जेवली आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागली. आज ती एका कॉलेजात शिकवते आणि तिचे विद्यार्थी तिच्या नावाने बोटं मोडतात असं ऐकून आहे.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यापायी पुढचं सगळं घडलं. न सांगता कुणाच्या दारी जायचं नाही, हा त्यांचा नियम होता. नमुने आणायला आम्ही लोक जीप काढायचो आणि दिसेल त्या वावरात उतरायचो. मॅडम आधी फोन करायच्या, कोणत्या दिवशी येऊ विचारायच्या, निघताना पुन्हा कळवायच्या. “वावर त्यांचं आहे, काडी त्यांची आहे. आपण काय जप्तीला चाललो का?” असं म्हणायच्या.

रोहण्याच्या पलीकडे, आर्वी तालुक्यातच, एक गाव आहे. त्या गावच्या बायांच्या बचत गटाला पऱ्हाटीपासून फळ्या करायचा छोटा कारखाना मिळणार होता. शेड, दळायचं मशीन, दाबाचं मशीन, सगळं सरकारी योजनेतून. गावची पऱ्हाटी त्या लायकीची आहे का, एवढं आम्ही सांगायचं आणि त्यावर मंजुरी ठरायची. मॅडमची नोकरी संपत आली होती. आयुष्यभर त्यांनी तपासण्या केल्या आणि अहवाल कपाटात जाताना पाहिले. एकदा डबा खाताना त्या मला म्हणाल्या होत्या, “एकदा तरी कुणीतरी माझ्या आकड्यांवर छप्पर घालावं, काळे.” असं काही मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून ते माझ्या ध्यानात राहिलं.

नमुने त्या स्वतः जाऊन घेऊन आल्या. प्रत्येक घरच्या ढिगातून वरून, मधून, खालून, नियमाप्रमाणे काड्या काढल्या होत्या. पऱ्हाटी पाहून मीही खूश झालो. जाड, सरळ काड्या. राख इतकी कमी निघाली की मॅडमनी तपासणी आणखी एकदा केली, आणि तरी तेच उत्तर आलं. माझ्या फळ्या मोडायला मशीनला जोर लावावा लागला. अहवाल गेला, साहेबांनी, म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुखांनी, पाठ थोपटली, आणि मंजुरी जवळजवळ झाल्यात जमा होती.

मग गटाच्या अध्यक्ष कुसुमताईंचा फोन आला. चहाला या म्हणाल्या, आणि त्या फळ्या बायांना दाखवायला घेऊन या. या वेळी फळ्यांसोबत मीही गेलो.

कुसुमताई पन्नाशीच्या, ठसठशीत बाई. घरची कपाशी, विहिरीवर थोडा भाजीपाला, आणि दारात आल्या-गेल्याची कायम वर्दळ. अंगणात सतरंजी अंथरलेली होती. बाया फळ्यांवरून हात फिरवत होत्या, एकीने तर वास घेऊन पाहिला. मॅडम इतक्या खुशीत मी कधी पाहिल्या नव्हत्या. कुसुमताई त्यांना हात धरून घरामागे घेऊन गेल्या. तिथे ताडपत्रीखाली पऱ्हाटीचा एक छोटा ढीग होता.

“हे पाहा मॅडम, तुमच्यासाठी अजून राखून ठेवली. पह्यले दिलती तशीच.”

मॅडमनी एक काडी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. बुडाशी मूळ नव्हतं. मागच्या वेळीही नव्हतं, पण या गावात पऱ्हाटी उपटत नाहीत, कापतात, असं आम्ही धरून चाललो होतो. साल पावसानंतरच्या पानासारखी स्वच्छ होती.

“कुसुमताई, हे अशी कशी?”

“धुतली ना आमी! मुळ्या कापल्या, बोंडं तोडली, बोअरच्या पाण्यानं धुतली अन् सतरंजीवर वाळवली. साऱ्या घरी असंच केलं. तुमचा फोन आला तवाच ठरवलं बायाइनं.”

“काऊन पण?”

कुसुमताईंना प्रश्नच कळला नाही. “काऊन म्हंजे? तुमी एवढ्या वर्ध्यावरून येता. पाव्हण्याच्या हातात मातीची काडी देते का कोनी?”

पलीकडे कुंपणाला टेकून मोठा ढीग होता, मुळांसकट, मातीसकट, वाळलेल्या बोंडांसकट. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “मले त्यातली एक पेंढी द्या.”

“ते चुलीची हाय!” कुसुमताई जवळजवळ ओरडल्या. “ते नाई देत मी तुमाले.”

मॅडम स्वतःच गेल्या आणि ढिगातून काड्या ओढू लागल्या. इस्त्रीच्या साडीला बोंडं चिकटली. बाया अवघडून उभ्या होत्या, कुणी पुढे येऊन मदतही करेना आणि अडवेनाही. चहा नंतर झाला, पण कुणाला गोड लागला असेल असं वाटत नाही.

परत येताना जीपमध्ये त्या साडीला चिकटलेली बोंडं एकेक करून काढत होत्या. मी आपलं काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, पाहुणचार करून करून लोकांनी नमुनाच बिघडवला की हो. एरवी त्या हसल्या असत्या.

“माझी माय याच गावात वेचणीला यायची,” त्या म्हणाल्या. “आम्ही पलीकडच्या खेड्यातले. वेचणी संपली की सरपणाला पऱ्हाटी मिळायची. मालकीण कुंपणाच्या आतून भारा फेकायची, बाहेर. हातात नाही द्यायची. माय उचलून डोक्यावर घ्यायची. मी सोबत असायची. मायला एकदा विचारलं, काडीलाही विटाळ होतो का गं? ती म्हणाली, चाल लवकर, ऊन व्हते.”

पुढे त्या एवढंच म्हणाल्या, “त्याच गावात माझ्यासाठी काडी धुतली, काळे. धुतली.”

 

चुलीच्या पऱ्हाटीची तपासणी झाली. राख पहिल्यापेक्षा कितीतरी पट निघाली. तिच्या फळीची कड मी नुसत्या बोटांनी दाबली तर भुगा हातात आला. त्या गावात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याला टँकर लागतो. कारखान्याला लागणारी गाड्याच्या गाड्या पऱ्हाटी धुवायला पाणी कुठून आणायचं?

मॅडमनी अहवाल मागे घ्यायचं ठरवलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मॅडमना बसवून घेतलं. “आकडा खोटा तर नाही ना? जो नमुना मिळाला त्याचाच आहे. कारखाना उभा राहू द्या, पुढचं पुढे बघू. तुमच्या नोकरीचं हे शेवटचं काम आहे, मॅडम.”

“साहेब, दोन हंगामात पाती झिजतील,” मॅडम म्हणाल्या. “मग लोक आधी मशीनला नावं ठेवतील आणि नंतर बायांना. बायांना धंदा जमत नाही म्हणतील. माझं नाव कुणी घेणार नाही. मी पेन्शन घेत घरी बसलेली असेन.”

साहेबांनी खूप वेळ पेपरवेट फिरवला आणि मग सही केली.

गावाला कळवायचं काम कुणीही केलं असतं, पण मॅडम स्वतः गेल्या. मी सोबत गेलो, कारण मोडक्या फळ्या माझ्या होत्या. पुन्हा तेच अंगण. मॅडमनी दोन्ही फळ्या समोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं, सूत, खळ, राख, माती. बाया ऐकून घेत होत्या. कुसुमताईंचा चेहरा मात्र आक्रसत गेला.

“म्हंजे कारखाना नाई?”

“आता नाई.”

“आमी मानानं दिलं मॅडम, अन् तुमी त्यातच खोट काढली.”

“खोट काडीत नाई, कुसुमताई. माझ्या मोजण्यात हाय. तुमी मान दिला. मी तो मान भट्टीत घातला अन् त्याची राख मोजली. पऱ्हाटी मोजाचीच राह्यली. चूक माझी हाय.”

“अन् हे तुमी आमालेच सांगून राह्यल्या? न सांगता राह्यल्या असत्या तं कोनाले समजलं असतं?”

“मले समजलं असतं.”

कुसुमताई उठून घरात गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. आम्ही थोडं थांबलो. मॅडमनी दाराकडे पाहून, “येतो,” असं म्हटलं. आतून दार लोटलं गेलं. एका म्हातारीने आमच्या जीपपर्यंत येऊन फळीचा मोडका तुकडा परत दिला, कुणाचीतरी वस्तू विसरली असावी तसा.

मंजुरी गेली. त्या वर्षी त्या गावची पऱ्हाटी धुऱ्यावर जळली. मॅडम कामाला यायच्या, काम करायच्या, पण डबा अर्धाच खायच्या. गेलेला कारखाना त्यांनी सोसला, असं मला वाटतं. ते बंद झालेलं दार त्यांना सोसलं नाही. त्यांची तब्येतही तेव्हापासून बिघडत होती, पण आम्हाला त्यांनी पत्ता लागू दिला नाही. आम्ही आपले निवृत्तीच्या काळजीने वाळल्या म्हणून त्यांची थट्टा करायचो.

पुढच्या हंगामात, वेचणी आटोपल्यावर, मॅडमच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना, एक दिवस प्रयोगशाळेच्या दारात गडबड झाली. शिपाई कुणालातरी अडवत होता. बाहेर कुसुमताई उभ्या होत्या, डोक्यावर पऱ्हाटीचा भारा. बसस्टँडपासून तशाच चालत आल्या होत्या. आत येऊन त्यांनी भारा पुसलेल्या फरशीवर टाकला तशी मातीची ढेकळं टेबलांखाली पार दूरवर गेली.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “उपटली तशी आणली. माती, मुळ्या, बोंडं, सारं हाय. झटकली बी नाई. आता मोजा.”

मॅडम खुर्चीवरून उठल्या. चालताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. भाऱ्याजवळ खाली बसल्या आणि त्यांनी मुळांना लागलेली माती बोटांनी चाचपली. मग पदर डोळ्यांना लावला, आम्हा सगळ्यांच्या देखत. कुसुमताई त्यांच्यासमोर फरशीवरच बसल्या.

“लय राग आलता,” त्या म्हणाल्या. “आता बी हाय थोडा. पन काय निघते ते आमाले पह्यले सांगजा. साहेबाले मंग.”

त्या भाऱ्यावर मॅडमनी जीव ओतला. पाण्यावाचून माती कशी जाईल यासाठी त्यांनी जाळीचं एक फिरतं पिंप करून घेतलं. त्यात काड्या घोळवल्या की माती आणि बोंडं गळून पडायची. मी फळ्या केल्या. पहिल्यापेक्षा बऱ्या झाल्या. पुरेशा बऱ्या मात्र झाल्या नाहीत. राख उतरली, पण मंजुरीला लागेल इतकी नाही. मॅडमनी पुन्हा केलं, आणखी एकदा केलं. आकडा जिथे होता तिथेच राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या दवाखान्यात भरती झाल्या आणि उन्हाळा सरायच्या आत गेल्या. कारखाना अजून झालेला नाही. ते पिंप आमच्याकडे आहे. ती विद्यार्थिनी अधूनमधून येऊन त्यावर काम करते.

मी त्यांना चालतं-बोलतं शेवटचं पाहिलं ते, दवाखान्यात जायच्या थोडं आधी, वर्ध्याच्या बसस्टँडवर. सकाळी त्यांचा फोन आला, स्कूटरवर सोडता का म्हणाल्या. ऊन चढायला लागलं होतं. स्कूटरवरून उतरून धड उभं राहायलाही त्यांना वेळ लागला. हातात पाण्याची बाटली होती आणि पिशवीत जुन्या पेपरात गुंडाळलेली शेवटची फळी. आर्वीची गाडी लागायची होती. मी म्हणालो, मॅडम, एवढ्या उन्हात कशाला जाता? आकडा काही चांगला आलेला नाही. कुसुमताईंना फोनवर सांगा, त्या समजून घेतील.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याशी त्या सहसा पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. त्या दिवशी मात्र मायच्या बोलीत बोलल्या.

“घरच्या लोकायले वाईट बातमी फोनवर नाई सांगत, काळे. घरी जा लागते.”

गाडी लागली. त्यांनी पदर खोचला, फळीची पिशवी छातीशी धरली आणि दाराशी लोटलेल्या गर्दीत शिरल्या.